ट्रकच्या डाव्या बाजूला कोण बघतं? आरसा, क्लीनर आणि कॅमेऱ्याची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा मंडळींसाठी या भागाची ही संहिता. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग मी सूसच्या आमच्या घरातून रेकॉर्ड करतेय. मध्येच मागून 'टीं टीं टीं' असा आवाज आला तर दचकू नका. शेजारच्या प्लॉटवर इमारत उभी राहतेय आणि तिथे येणारा काँक्रीटचा मिक्सर रिव्हर्स घेतो तेव्हा ते वाजतं. सुरुवातीला मी जाम वैतागले होते. पण आजचा विषय मला त्या आवाजानेच दिला.

ज्यांना सूस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुण्याहून पाषाणमार्गे निघालात, मुंबई–बेंगळुरू हायवे ओलांडलात, की सूस. मूळचं मुळशी तालुक्यातलं गाव. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत जी २३ गावं घेतली गेली, त्यात आम्हीही आलो. कागदावर गाव शहरात आलं, पण रस्ता गावाचाच राहिला. पुढे नांदे, चांदे, लवळे. सकाळी त्या एकाच रस्त्यावर कॉलेजची पोरं, दूधवाले, स्कूल बस, आयटीवाले आणि त्यांच्यामधून वाट काढणारे डंपर, हायवा, मिक्सर. मी रोज तिथून ॲक्टिव्हावर जाते. आणि खोटं कशाला बोलू, ट्रकच्या डाव्या बाजूला जरा फट दिसली की मीही गाडी घालायचे. 'घालायचे' म्हणतेय, कारण आता घालत नाही. का, ते ऐका.

आरशात नसलेला भाऊ

गेल्या महिन्यात त्या मिक्सरचे ड्रायव्हरकाका टपरीवर चहा पीत उभे होते. मी सहज विचारलं, "काका, आम्ही स्कूटरवाले तुम्हाला वरून दिसतो का हो?"

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "वर बसून बघ की ताई. फक्त कशाला हात लावू नको."

गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता, चाकाखाली दगड होता. मी चढले. पहिल्यांदा वाटलं, अरे, इथून तर सगळं जग दिसतं! रस्त्याच्या टोकापर्यंतचं दिसतंय, भिंतीपलीकडचं दिसतंय. मग काकांनी माझ्या भावाला सांगितलं, "तू तुझी गाडी घेऊन डाव्या अंगाला, पुढच्या चाकापाशी थांब."

मी डाव्या मोठ्या आरशात बघितलं. त्यात ड्रम दिसला, मागची भिंत दिसली, रस्त्याचा एक पट्टा दिसला. भाऊ नव्हता. डावीकडच्या खिडकीतून बघितलं, तिथेही नव्हता. दाराच्या वर खाली तोंड करून बसवलेला एक छोटा आरसा होता, तो याच कामासाठी असतो. त्याच्यावर वाळलेल्या सिमेंटचे शिंतोडे. मी ओरडले, "अरे, तू आलास का?" तो खालून ओरडला, "कधीचा उभाय!" शेवटी त्याने हात वर केला, तेव्हा खिडकीच्या कडेला चार बोटं दिसली.

हेल्मेट घातलेला, स्कूटरवर बसलेला माझा सख्खा भाऊ माझ्यापासून दोन-तीन मीटरवर होता आणि माझ्यासाठी तो तिथे नव्हताच.

मी खाली उतरले तेव्हा काका म्हणाले, "पूर्वी त्या बाजूला क्लीनर बसायचा. त्याची मान बाहेरच असायची. आता मी एकटाच असतो."

घरी येऊन मी वाचायला बसले, आणि मला एक मजेदार गोष्ट कळली. मागे बघण्याच्या यंत्रांचा इतिहास म्हणजे गाडीतून एकेक माणूस उतरवण्याचा इतिहास आहे. अगदी पहिल्या आरशापासून.

आरसा आला, माणूस उतरला

चला, ३० मे १९११ ला जाऊ. अमेरिकेत इंडियानापोलिसला पहिली ५०० मैलांची मोटार शर्यत. गाड्या ४०. जवळजवळ प्रत्येक गाडीत दोन माणसं: एक चालवणारा आणि त्याच्या शेजारी मेकॅनिक. या मेकॅनिकचं एक मोठं काम म्हणजे मागे बघून सांगणं, की अमुक बाजूने गाडी येतेय, सांभाळ.

रे हॅरून नावाचा पठ्ठ्या मात्र एकट्याची गाडी घेऊन आला. त्याची मार्मन वास्प ही गाडी पिवळ्या रंगाची, शेपटी निमुळती. एकच माणूस म्हणजे वजन कमी, वेग जास्त. बाकीच्यांनी हरकत घेतली, की याच्याबरोबर मागे बघायला कोणी नाही, हा आम्हाला धोका आहे. मग हॅरूनने समोर चार दांड्यांवर साधारण तीन इंच बाय आठ इंचांचा आरसा बसवला. ही कल्पना त्याला काही वर्षांपूर्वी शिकागोत एका घोडागाडीवर बसवलेला आरसा बघून सुचली होती. तो पावणेसात तासांच्या आत ५०० मैल संपवून शर्यत जिंकला.

गंमत पुढे आहे. बऱ्याच वर्षांनी हॅरूनने कबूल केलं, की विटांच्या ट्रॅकवर गाडी एवढी थरथरत होती, की आरशात त्याला काहीच नीट दिसत नव्हतं! म्हणजे हरकत घेणाऱ्यांचं समाधान झालं, माणूस उतरला, आणि मागे मात्र प्रत्यक्षात कोणीच बघत नव्हतं. हा किस्सा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बरं, पहिला मान हॅरूनचाच असंही नाही. १९०९ मध्ये डोरोथी लेविट या ब्रिटिश महिला मोटारचालकाने आपल्या पुस्तकात बायकांना सल्ला दिला होता, की गाडीत मुठीचा हातआरसा ठेवा आणि मधूनमधून वर धरून मागचं बघा. पर्समधला आरसा रस्त्यावर आला तो असा.

आपल्याकडचा आरसा बोलायचा

आता भारतात येऊ. १९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ ला संपला, तोवर टेल्को पुण्यात पिंपरीलाही आली होती. पण कारखान्यातून निघायचा तो पूर्ण ट्रक नसायचा. बहुतेक वेळा निघायची चासी आणि पुढचं तोंड. ड्रायव्हरची केबिन, मागचा हौदा हे सगळं गावोगावचे बॉडी बनवणारे सुतार आणि लोहार करायचे. आरसा कुठे बसणार, किती मोठा, कोणत्या कोनात, हेही तिथेच ठरायचं.

मग डावी बाजू कोण बघायचं? आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे सगळी आंधळी बाजू डावीकडे. तिथे बसायचा क्लीनर. गावाकडे त्याला 'किन्नर' म्हणतात, ड्रायव्हर-किन्नर अशी जोडीच असते. नावाप्रमाणे त्याचं काम गाडी धुणं-पुसणं. पण प्रत्यक्षात तो टायरची हवा बघायचा, दोर आवळायचा, ताडपत्री ओढायचा, रात्री ड्रायव्हरला जागं ठेवायचा, आणि डावीकडे मान बाहेर काढून रस्ता बघायचा. रिव्हर्स घ्यायचा असला की खाली उडी मारून मागे जायचा. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" आणि हौद्यावर थाप.

हे तुम्ही एसटी स्टँडवरही बघितलं असेल. फलाटावरून गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो. त्याची शिट्टी ड्रायव्हरसाठी असतेच, पण मागून चाललेल्या आजींसाठीही असते. हा मुद्दा मनात ठेवा.

दुसरं साधन म्हणजे हॉर्न. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं आपण सगळ्यांनी वाचलंय. त्यातला 'ओके' कुठून आला यावर पाच-सहा कहाण्या आहेत, त्यात मी पडत नाही. पण बाकीच्या दोन शब्दांचा अर्थ सरळ आहे: मला मागचं दिसत नाही, तेव्हा बाबा, हॉर्न वाजवून सांग. अरुंद, एकेरी रस्ते, मागे भरलेला हौदा. तिथे डोळ्याचं काम कान करायचे. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तालयाने व्यावसायिक वाहनांवर हे शब्द लिहायला बंदी केली, कारण त्यामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. ध्वनिप्रदूषणाच्या बाजूने विचार केला तर बरोबरच आहे. पण इतिहास म्हणून बघा: एका पिढीचा मागे बघण्याचा आरसाच त्या तीन शब्दांत होता.

पहिलं मानक आरशाचं

आमच्या सूसहून पाषाणच्या पलीकडे गेलं की वेताळ टेकडी लागते. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एआरएआयचं कुंपण माहीत असेल. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६. देशात विकल्या जाणाऱ्या गाड्या नियमात बसतात की नाही हे तपासणाऱ्या संस्थांपैकी ही एक. भोसरीची सीआयआरटी ही दुसरी. म्हणजे गाडीच्या आरशाला सर्टिफिकेट मिळण्याचं एक मोठं ठिकाण आपल्या पुण्यात आहे.

गाड्यांच्या भागांसाठी आपल्याकडे 'एआयएस' नावाची मानकांची मालिका आहे आणि ती एआरएआय प्रसिद्ध करते. आज त्यातले आकडे दोनशेच्या घरात गेलेत. पण एआयएस-००१, म्हणजे पहिल्या क्रमांकाचं मानक कशाचं आहे, ओळखा? ब्रेकचं नाही, सीटबेल्टचं नाही. मागे बघायच्या आरशाचं! आरसा कसा असावा हे ००१ मध्ये, आणि तो गाडीवर कुठे, कसा बसवावा हे ००२ मध्ये. सुताराच्या अंदाजावर बसणारा आरसा असा कागदावर आला.

आरसा कागदावर आला तरी त्याची एक अडचण राहतेच. सपाट आरसा खरं अंतर दाखवतो, पण दाखवतो थोडंच. फुगीर, म्हणजे बहिर्वक्र आरसा खूप दाखवतो, पण सगळं लहान आणि लांब करून. म्हणूनच त्यावर इशारा लिहिलेला असतो, की आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. जितका जास्त परिसर हवा, तितकं अंतराचं गणित बिघडतं.

युरोपाने आरसे वाढवून बघितले

युरोपात ट्रक आणि सायकलवाले हा जुना आणि दुखरा प्रश्न. ट्रक वळतो, शेजारचा सायकलवाला ड्रायव्हरला दिसत नाही. त्यावर त्यांचा पहिला उपाय: आणखी आरसे. २००३ च्या निर्देशानुसार मोठ्या ट्रकना मुख्य आरशाशिवाय रुंद कोनाचा आरसा, दाराच्या वरून चाकापाशी बघणारा आरसा आणि नाकासमोरचं दाखवणारा पुढचा आरसा बंधनकारक झाले. २००७ च्या निर्देशाने २००० नंतर नोंदलेल्या जुन्या ट्रकवरही सुधारित आरसे बसवायला लावले, आणि त्यासाठी मार्च २००९ अखेरची मुदत दिली.

नेदरलँड्स तर याआधीच कामाला लागला होता. त्यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ट्रकना ब्लाइंड स्पॉटचे आरसे लावून घेतले. पहिल्या एक-दोन वर्षांत सायकलस्वारांचे मृत्यू घटले. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. मग आकडा पुन्हा वर चढला. आरसे जागेवरच होते. पण आरसा असणं वेगळं, तो नीट लावलेला असणं वेगळं आणि नेमक्या क्षणी त्यात बघितलं जाणं वेगळं. चार-पाच आरसे, एक ड्रायव्हर, दोन डोळे. शिवाय खांबाजवळचे मोठमोठे आरसे स्वतःच समोरचं झाकतात! चौकात आरशामागे अख्खा माणूस लपू शकतो.

म्हणून पुढची पायरी आली: आरसेच काढा, कॅमेरे लावा. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाचा 'नियम क्रमांक ४६' हा गाडीतून अप्रत्यक्ष दिसण्याबद्दलचा नियम. २०१६ मध्ये त्यात बदल होऊन आरशांच्या ऐवजी कॅमेरा आणि पडदा चालेल अशी मुभा मिळाली. जपाननेही त्याच वर्षी परवानगी दिली. २०१८ मध्ये मर्सिडीजने ॲक्ट्रोस हा ट्रक दाखवला. त्याला बाहेर मोठे आरसे नाहीत. छताजवळून निघालेल्या दोन बारीक दांड्यांवर कॅमेरे आणि आत खांबांवर दोन उभे पडदे. हवेचा विरोध कमी झाल्यामुळे लांबच्या प्रवासात दीड टक्क्यापर्यंत डिझेल वाचतं, असा कंपनीचा दावा. ट्रक वळला की कॅमेऱ्याचं चित्रही ट्रेलरच्या शेपटीबरोबर सरकतं. जे आरशाला जमत नव्हतं ते यानं केलं.

पण पडदा म्हणजे आरसा नाही

आता जरा तांत्रिक, पण सोपं करून सांगते. आरशात दिसतं ते आत्ताचं दिसतं. कॅमेऱ्यात दिसतं ते किंचित आधीचं. चित्र टिपलं, प्रक्रिया झाली, पडद्यावर आलं, यात वेळ जातो. नियम म्हणतो, हा उशीर ०.२ सेकंदापेक्षा कमी हवा. समजा तुम्ही ट्रकपेक्षा ताशी १८ किलोमीटर जास्त वेगाने डावीकडून पुढे येताय. म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ०.२ सेकंदात तुम्ही एक मीटर पुढे सरकलेले असता, आणि पडद्यावर अजून मागे असता.

दुसरं असं, की आरशात बघताना ड्रायव्हर डोकं जरा पुढे-मागे करतो आणि आरशातलं दृश्य बदलतं. जुने ड्रायव्हर हे नकळत करतात. पडद्यासमोर कितीही डोकं हलवा, चित्र तेच. आणि अंतराचा अंदाज पडद्यावर नव्याने शिकावा लागतो.

याच्या उलट, कॅमेऱ्याच्या बाजूनेही बोलायला हवं. तो रात्री आरशापेक्षा उजळ दाखवू शकतो. पावसात ओल्या काचेतून, ओल्या आरशात बघण्यापेक्षा आतला कोरडा पडदा बरा. आणि मुख्य म्हणजे जिथे माझा भाऊ उभा होता, तिथे आरसा पोचत नाही पण कॅमेरा पोचवता येतो.

महाराष्ट्रात कॅमेऱ्याने कोणाची जागा घेतली?

आता गोष्टीचा आपला भाग. आपल्या रस्त्यांवर ट्रकचे आरसे आहेत तिथेच आहेत. आपल्याकडे कॅमेऱ्याने जागा घेतली ती आरशाची नाही. मग कोणाची? क्लीनरची.

महाराष्ट्रात अवजड मालवाहू गाडीवर क्लीनर हवाच, नाहीतर दंड, असा नियम होता. १ जुलै २०२५ पासून राज्यातल्या वाहतूकदारांनी संप केला. ई-चलनाच्या दंडाबरोबर त्यांची एक मागणी हीच होती, की क्लीनरची सक्ती काढा. त्यांचं म्हणणं समजून घ्या. क्लीनरचं काम करायला आता पोरं मिळत नाहीत. पगार परवडत नाही. आणि माणूस सीटवर नसला की दंड मालकाला. त्याच वर्षी राज्य सरकारने महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बदल करण्याचा मसुदा काढला: ज्या अवजड गाडीत चालकाला मदत करणारी यंत्रणा असेल, म्हणजे आंधळ्या बाजूला किंवा मागे काही आलं की आवाज आणि चित्र यांतून ड्रायव्हरला इशारा देणारी, तिला क्लीनरच्या सक्तीतून सूट.

मी हे वाचलं आणि मला एकदम १९११ आठवलं. शेजारचा माणूस उतरला आणि त्याच्या जागी काच आली. ११४ वर्षांनी तोच व्यवहार, फक्त काचेच्या जागी लेन्स.

त्याच वर्षी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही मोठ्या बस आणि ट्रकमध्ये आपोआप लागणारा ब्रेक, ड्रायव्हरला डुलकी लागल्याचा इशारा, लेन सुटल्याचा इशारा अशा गोष्टी बंधनकारक करण्याचा मसुदा आणला. ब्लाइंड स्पॉटच्या इशाऱ्यासाठी एआयएस-१८६ हे मानक आहे. मानक क्रमांक १ आरशाचं, १८६ आंधळ्या कोपऱ्याचं. मधल्या काळात आपण केवढं अंतर कापलं बघा.

आणि हे सगळं हवंच आहे, यात मला शंका नाही. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणजे माझ्यासारखी, तुमच्यासारखी. सगळी काही ट्रकच्या आंधळ्या बाजूला गेली असं नाही. पण रस्त्यावर सगळ्यात उघडं कोण आहे हे त्या आकड्यावरून कळतं.

क्लीनरच्या आठवणीने गहिवरून जायचीही गरज नाही. रात्रभर प्रवास करून तोही झोपायचा. रिव्हर्समध्ये गाडीमागे उभा राहणारा माणूस स्वतःच चिरडला जाण्याचा धोका कायम असतो. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना या कामाला जुंपलं जायचं, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण डावीकडची ती सीट म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलही होती. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या ड्रायव्हरांनी गाडी तिथे बसूनच शिकली. ती सीट रिकामी झाली की पुढचा ड्रायव्हर कुठे शिकणार, याचं उत्तर कॅमेऱ्याकडे नाही.

थाप कोणासाठी होती?

आता मघाशी मनात ठेवायला सांगितलेला मुद्दा काढा. कंडक्टरची शिट्टी आणि क्लीनरची थाप.

क्लीनर ड्रायव्हरला सांगायचा, की डावीकडे स्कूटर आहे. पण त्याच वेळी तो स्कूटरवालीलाही सांगायचा, "ओ ताई, मागं व्हा, गाडी वळतीय!" हात बाहेर काढून थांबवायचा. म्हणजे निरोप दोन्हीकडे जायचा. आरसा फक्त आत सांगतो. कॅमेरा फक्त आत सांगतो. ब्लाइंड स्पॉटचा इशारा वाजतो तोही केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या कानापाशी. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. माझ्या डोक्याला ताप देणारं ते 'टीं टीं टीं' हेच काय ते बाहेरच्यांशी बोलणारं यंत्र उरलंय, आणि तेही फक्त गाडी मागे येताना. ट्रक डावीकडे वळताना बाहेर आहे फक्त इंडिकेटर. तोही धुळीने माखलेला.

त्यात आणखी एक भर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन बंधनकारक झाली आहे. मे महिन्यात इंजिनाशेजारी बारा-बारा तास बसणाऱ्या माणसासाठी ही फार उशिरा आलेली, पण फार चांगली गोष्ट आहे. मात्र एसी म्हणजे काचा बंद. आपण बाहेरून ओरडलो, हौद्यावर हात मारला, तरी आत पोचेलच असं नाही. कान बंद झाले, शेजारचा माणूस गेला, उरला पडदा. पडद्यावर आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त भार आलाय.

म्हणूनच लंडनने थोडा वेगळा विचार केला. तिथे मोठ्या ट्रकना तारांकन मिळतं, शून्य ते पाच. तारे आरशांवर किंवा कॅमेऱ्यांवर मिळत नाहीत. ड्रायव्हरला सीटवरून थेट काचेतून किती दिसतं, यावर मिळतात. २०२१ पासून याची अंमलबजावणी सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी तारे असलेल्या ट्रकना कॅमेरे, सेन्सर असा जादा संच लावल्याशिवाय शहरात फिरता येत नाही. म्हणजे आधी खिडकी मोठी करा, केबिन खाली आणा, माणसाला माणूस दिसू द्या. उरलेल्यासाठी कॅमेरा.

पुसणार कोण?

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा काकांना गाठलं. त्या दिवशी शेजारच्या साईटवर दुसरा, नवा टिपर आला होता. चारी बाजूंना कॅमेरे, आत पडदा. काकांनीच त्याच्या ड्रायव्हरला सांगून मला दाखवायला लावलं. उजवा कॅमेरा झकास, मागचा झकास. डाव्या कॅमेऱ्याच्या जागी पडद्यावर तपकिरी रंगाचा गोळा. नांद्याकडून येताना चिखल उडाला होता.

तो ड्रायव्हर जरा ओशाळला. खाली उतरला, वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि खांद्यावरच्या फडक्याने लेन्स पुसली. पडद्यावर एकदम माझा भाऊ उगवला.

काका म्हणाले, "आता हे दर फेरीला त्यानं एकट्यानं करायचं. करंल?"

मला हॅरूनचा थरथरणारा आरसा आठवला. आरसा होता, नियमाचं समाधान झालं होतं आणि दिसत काहीच नव्हतं. मसुद्यात यंत्रणा कोणती हवी ते लिहिता येतं. ती चालू आहे का, पुसलेली आहे का, बिघडली तर गाडी रस्त्यावर यावी का, हेही लिहायला लागेल. आणि तपासायला लागेल, आरटीओत, साईटच्या गेटवर, आमच्या सूसच्या रस्त्यावर. क्लीनर नको असेल तर नको. पण क्लीनर करायचा ती सगळी कामं कोण करणार याची यादी तरी करूया.

तोवर आपल्या हातात काय आहे? एकच गोष्ट, जी काकांनी मला सांगितली: "तुला माझं तोंड आरशात दिसलं, तरच मी तुला बघू शकतो. नाही दिसलं, तर मागं थांब." दिसलं म्हणजे त्यांनी बघितलंच असं नाही, पण न दिसण्यापेक्षा बरं. आता मी डावीकडची फट सोडून देते. दोन मिनिटं उशीर होतो. होऊ दे.

तुमच्या घरात कोणी, आजोबा, मामा, काका, कधी ट्रकवर क्लीनर म्हणून होते का? असतील तर त्यांना एकदा विचारा, की डाव्या सीटवरून काय काय बघायचात? आणि त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. पुरेशा आल्या तर त्यांचा एक वेगळा भाग करू.

ते बघा, 'टीं टीं टीं' सुरू झालं. मिक्सर आला. आज इथेच थांबते. सांभाळून जा मंडळी, भेटू पुढच्या भागात.